खेळण्यास योग्य

४ नोव्हेंबर
खोली नंबर १२, मुलींचं वसतिगृह

ताई,

भडकलेय. आधी ते ऐक, मग तुझ्या लेकीची खुशाली.

सहा दिवसांत चार सामने! सतरा वर्षांखालच्या मुली आहेत या, यंत्राचे पट्टे नाहीत. मैदानावर गवत नावाला, खाली जमीन अशी टणक की पडलं की कातडं सोलून निघतं. आयोजकांना म्हटलं, निदान सामन्याआधी पाणी तरी मारा. तिथले गृहस्थ खुर्चीतून न उठता म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाय चोळा, मैदानाचं आम्ही बघतो." पाय चोळा! चार वर्षं शिकले, सहा वर्षं दवाखान्यात राबले, आणि विभागाच्या संघाबरोबर पहिल्यांदा फिजिओ म्हणून आले ती पाय चोळायला.

आमचेसुद्धा फोन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद आहेत. रविवारी दहा मिनिटं मिळतात, तीही मॅनेजरबाई कानाशी उभ्या असताना. म्हणून हे पत्र. आपल्या विभागाची गाडी एक दिवसाआड ये-जा करते, तिच्या ड्रायव्हरकडे देतेय. उत्तरही त्याच्याकडेच दे.

टिटवी मजेत आहे. हे नाव तू ठेवलंस, पण आता अख्खा संघ तिला तेच म्हणतो. मधल्या फळीत उभी राहून अशी ओरडत असते की पलीकडच्या संघालाही कळतं कुणी कुठे पळायचं ते. काल पश्चिम विभागाला २–१ नं हरवलं. उद्या उपांत्यपूर्व सामना. आपल्या विभागाला हा राष्ट्रीय कप एकतीस वर्षांत मिळालेला नाही, हे सर दिवसातून एकतीस वेळा सांगतात.

सगळ्या मुलींचे वैद्यकीय फॉर्म वाचून काढले. कुणाचा घोटा, कुणाचा गुडघा, कुणाला दमा. तू भरलेला फॉर्म मात्र कोरा करकरीत. पूर्वीची दुखापत : नाही. शस्त्रक्रिया : नाही. डोक्याला मार : नाही. नशीब काढलंस बाई.

तुझी
धाकटी

८ नोव्हेंबर
प्रेस, बाइंडिंग खातं

धाकटे,

मला वेडी समजतेस का?

परवा तुझा निरोप आला, "भुवईला जरासं खरचटलंय, दोन टाके, काळजी नको." मी नाही केली काळजी. आज उपांत्य सामना म्हणून फोरमननी खात्यात टीव्ही लावला. कटिंग मशीन बंद, शिवायचे पुस्तकांचे फर्मे तसेच ढिगात, आम्ही बावीस जण उभे. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते, आवाज वाढवू नका, माझी पोरगी टीव्ही फोडून ऐकू येईल.

धाकटे, ती एक शब्द बोलली नाही.

नव्वद मिनिटांत एकदाही तोंड उघडलं नाही तिनं. चौथीत असताना हिची शाळेत तक्रार यायची की झोपेतही बोलते. आणि आज ती मैदानाच्या मधोमध गप्प उभी. एकदा चेंडू सरळ समोरच्या संघाच्या पायात दिला आणि त्या मुलीकडे बघत राहिली, आपण काय केलं ते न कळल्यासारखी. पहिल्या अर्ध्यानंतर बाजू बदलल्या, तर ही जुन्याच बाजूला जाऊन उभी. कुणीतरी दंडाला धरून आणलं तिला. फोरमन म्हणाले, "दमली असेल." मी हो म्हटलं. पण मी आई आहे तिची. दमलेली पोर मला कळते आणि हरवलेली पोरही कळते.

तू बाकावर बसलेली दिसलीस. मांडीवर ती निळी पेटी घेऊन. तू काय बघत होतीस? तुला दिसत नव्हतं?

एकाच आईच्या पोटच्या आपण. परक्या फिजिओनं केलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, तिचं कोण लागतं. तू तिची मावशी आहेस. मी तुझ्या भरवशावर पाठवली तिला. खरं काय झालंय ते लिही. गुळमुळीत लिहिलंस तर पत्र फाडून टाकीन.

ताई

१० नोव्हेंबर
खोली नंबर १२

ताई,

खरं लिहिते.

पाच तारखेला हेडर मारताना समोरच्या बचावपटूचं डोकं हिच्या भुवईवर आदळलं. दोन टाके पडले. काही क्षण ती कुठेतरी हरवली होती, पण मी पोचेपर्यंत उठून बसली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या केल्या. वार, तारीख, गोलसंख्या, सगळं बरोबर सांगितलं. एका पायावर उभी राहिली. डोकं दुखत नाही म्हणाली. त्यावर मी सही केली. कागदावर चूक काहीच नव्हती.

काल तुझं पत्र यायच्या आधीच मला शंका आली होती. सामन्यानंतर ती बुटांच्या नाड्या सोडवत बसली, आणि सोडवून झाल्या की परत बांधायला लागली. तीनदा. मी आज तिला परत तपासलं आणि फॉर्मवर स्पष्ट लिहिलं : खेळण्यास अयोग्य. सर संतापले. सेक्रेटरी साहेबांना बोलावून आणलं. मी हटले नाही.

उद्या अंतिम सामना आहे. ती बाकावर बसेल, माझ्या शेजारी. शब्द देते.

आणि ताई, "तिचं कोण लागतं" हे तू लिहायला नको होतंस. मला झोंबलं ते. माझी पोर नाही, पण पहिली आंघोळ मी घातलीय तिला, तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा.

धाकटी

१५ नोव्हेंबर
हॉस्पिटल

तुझा शब्द बावन्नाव्या मिनिटाला जमिनीवर पडलेला मी पाहिला. अख्ख्या देशानं पाहिला.

मी म्हटलं, बाकावर असेल. कॅमेरा बाकावर जाईल तेव्हा दिसेल. आणि संघ मैदानात आला तर आठ नंबर सगळ्यांत पुढे. विसाव्या मिनिटाला तिनं पास दिला, त्यावर गोल झाला, प्रेसमध्ये लोकांनी मला उचलून घेतलं. मी ओरडत होते, "खाली ठेवा, खाली ठेवा मला." कुणाला कळेना ही बाई रडते का.

मग तो हेडर. कुणाचा नुसता खांदा लागला. ती उभ्याउभ्या कोसळली, हात पुढे न करता. तुमचे सर रेषेवर उभे राहून घड्याळ बघत होते.

कप मिळाला म्हणे. अभिनंदन.

चार दिवस झाले. मेंदूला सूज आहे, डोक्यात रक्त साचलेलं नाही, एवढंच चांगलं. पडदे ओढून अंधारात ठेवलीय. चमचा भांड्याला लागला तरी कळवळते. मला ओळखते. तिचे बाबा रात्रपाळीच्या नर्सला विचारून वॉर्डातले गळके नळ दुरुस्त करत सुटलेत.

काल मी तुला दारातून "चालती हो" म्हणाले, ते पुन्हा लिहून देते. चालती हो.

२० नोव्हेंबर

ताई,

चालती झालेय. पण हे वाच. पूर्ण वाच, मग फाड.

अंतिम सामन्याच्या सकाळी सरांनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं. सेक्रेटरी साहेब होते आणि टिटवी होती. सर म्हणाले, "गोलकीपरचं बोट मोडलंय, ती खेळतेय. तीन नंबर गुडघ्याला पट्टी बांधून खेळतेय. त्यांना तू योग्य म्हणालीस. फक्त स्वतःच्या भाचीला अयोग्य? बाकीच्या काय रस्त्यावरच्या आहेत?"

मी म्हटलं, बोट वेगळं आणि डोकं वेगळं.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीच्या नेमणुका माझ्याच टेबलावर होतात."

याचं मला काही वाटलं नाही, आईशपथ. पण टिटवीनं माझे दोन्ही हात धरले. "मावशी, आयुष्यात परत येणार नाही हा दिवस. डोकं नाही दुखत. खोटं बोलत असेन तर परत कधी बोलू नकोस माझ्याशी." डोळ्यांत पाणी. आणि बाहेर त्या गोलकीपरची आई उभी होती, दारातून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, सगळे म्हणतील, मावशी म्हणून लाड केले. मी नवा फॉर्म घेतला. खेळण्यास योग्य. सही केली. तुला दिलेला शब्द आठवत असताना केली.

सर म्हणाले, "जुना फाडून टाक." मी हो म्हटलं आणि पेटीत ठेवला. अजून माझ्याकडे आहे.

हा माझा गुन्हा. मला कुणी ढकललं असं म्हणणार नाही.

आता तुझा.

परवा तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला, उपचाराची माहिती हवी म्हणून. म्हणाले, "ऑगस्टमध्येही डोक्याला मार लागला होता, त्याचे कागद आहेत का तुमच्याकडे?" मी म्हटलं, कसला मार? ते म्हणाले, "मुलीनंच सांगितलं. सरावात गोलपोस्टवर आपटली होती. आईनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं."

ताई! डोक्याला मार : नाही. तुझ्या हस्ताक्षरात. तुझं ते "न", वर रेघ न देता काढलेलं.

तीन महिन्यांत दुसरा मार हे मला पाच तारखेला माहीत असतं ना, तर मी त्या पोरीला पलंगाला बांधून ठेवलं असतं. सरांच्या बापाचं ऐकलं नसतं. मला आंधळं करून तू पाठवलंस आणि वर विचारतेस, तुला दिसत नव्हतं?

तुला शिव्या द्याव्यात असं वाटतंय. देत नाही, कारण एक गोष्ट सांगायचीय. चौकशी समिती नेमलीय. काल सेक्रेटरींनी मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, "मुलीच्या आईचा फॉर्म आहे ना तुमच्याकडे? तेवढा द्या. पालकांनी माहिती लपवली, विषय संपला. तुम्हीही सुटाल, आम्हीही." फॉर्म माझ्याकडे आहे. बाकीचं तू समज.

धाकटी

२४ नोव्हेंबर
घर

धाकटे,

दे तो फॉर्म.

मला घाबरवतेस? दे. मीच लिहिलाय, मीच सही केलीय. ऑगस्टच्या नऊ तारखेला ती गोलपोस्टवर आपटली. दहा मिनिटं तिला आमच्या गल्लीचं नाव सांगता येईना. डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसायला सांगितलं. निवड चाचणी बारा दिवसांवर होती. तिनं जेवण टाकलं. मी दोन दिवस तिच्याकडे पाठ करून फर्मे शिवले आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं, जा. आणि मावशीला बोलू नकोस, ती लगेच बाद करील तुला.

म्हणजे तू किती चांगली फिजिओ आहेस ते मला माहीत होतं. म्हणूनच लपवलं.

मला आयुष्यात कुणी कधी निवडलं नाही, धाकटे. तुला शिकायला मिळालं, मी प्रेसमध्ये चिकटले, याची मी तक्रार केली नाही आणि आताही करत नाही. पण माझ्या पोरीला अख्ख्या विभागातून निवडतायत म्हटल्यावर माझी मतीच फिरली. हे कारण आहे, माफी नाही मागत.

फॉर्म दे. पण एकटा माझाच दिलास तर मात्र तू माझी कुणी नाहीस. तुझे दोन्ही कागद त्याच पाकिटात घाल. अयोग्य लिहिलेला आणि योग्य लिहिलेला. जमणार नाही तुला. नोकरी जाईल.

ताई

३० नोव्हेंबर

मावशी,

डॉक्टरांनी दिवसाला दहा मिनिटं लिहायला परवानगी दिलीय. हे तीन दिवसांचं मिळून आहे. अक्षर घाण आलंय, ओळी सरळ दिसत नाहीत.

मी तुमची दोघींची पत्रं वाचली. तुझी आलेली आणि आईच्या पत्रांचे कच्चे खर्डे, सगळं आईनं उशीखाली ठेवलं होतं. वाचताना दोनदा उलटी झाली, तरी वाचली.

मला तुम्हा दोघींचा भयंकर राग आलाय. तुम्ही माझ्या डोक्यावरून भांडताय आणि डोकं माझं आहे. तू लिहितेस, माझा गुन्हा. आई लिहिते, माझी सही. मी कुठे आहे? मी खोटं बोलले. पाच तारखेपासून डोकं दुखत होतं. उपांत्य सामन्यात मला दोन-दोन चेंडू दिसत होते. तुझ्या चाचण्यांची उत्तरं मी आधीच आमच्या गोलकीपरकडून पाठ करून घ्यायचे, वार, तारीख, गोल. एका पायावर उभी राहताना पाठीमागच्या टेबलाला बोट लावलं होतं. तुला दिसलं नाही.

तुला फसवणं सोपं होतं कारण तुझं माझ्यावर प्रेम आहे. सरांचं तसं नाही. त्यांना माहीत होतं. हाफटाइमला मी त्यांना म्हणाले, सर, गरगरतंय. म्हणजे आमची गोलकीपर सांगते की मी म्हणाले. मला आठवत नाही. मला तो सामनाच आठवत नाही मावशी. सकाळी सामानाच्या खोलीत तुझे हात धरलेले आठवतात आणि मग इथला पडदा. मधलं कुणीतरी पान फाडून नेलंय.

सर म्हणाले होते, "बस, चाळीस मिनिटं." गोलकीपर हे समितीला सांगायला तयार आहे. तिला विचारा. तुम्ही मोठी माणसं कधीच आम्हाला विचारत नाही, फक्त सही करता.

टिटवी

४ डिसेंबर

ताई,

दिले. तिन्ही. तुझा एक, माझे दोन. वर टिटवीच्या पत्राची नक्कल आणि गोलकीपरचं नाव.

सेक्रेटरींनी पाकीट उघडलं, पहिला कागद बघून हसले, दुसरा बघून थांबले. "हे काय आणलंत? तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." मी म्हटलं, "पाय चोळायचं काम माझंच आहे, बघते मी." बाहेर आले आणि जिन्यावरच बसले, खाली उतरायला अर्धा तास लागला. शौर्य वगैरे काही नव्हतं.

गुरुवारी तुला बोलावतील.

धाकटी

१८ डिसेंबर
घर

धाकटे,

गुरुवारी गेले. प्रेसमधून अर्धी सुट्टी घेतली. फोरमननी पैसे कापणार नाही म्हणून सांगितलं, वर स्वतः स्टँडपर्यंत सोडलं.

लांब टेबल. तिघं जण. मधे समितीच्या अध्यक्ष, एक वयस्क बाई, पूर्वी देशाकडून खेळलेल्या. एका बाजूला सेक्रेटरी, एका बाजूला सर. सेक्रेटरींनी माझा फॉर्म असा दोन बोटांत धरला होता, जसं काही मेलेलं उचलावं.

"ही सही तुमची?"

"माझी."

"माहिती लपवलीत हे मान्य?"

"मान्य."

"मग विषय संपतो," असं म्हणून त्यांनी बाईंकडे बघितलं.

मी म्हटलं, "संपत कसा? माझ्यापासून सुरू होतो. मी लपवलं. तरी माझ्या बहिणीला कळलं आणि तिनं लेखी दिलं, खेळू देऊ नका. तो कागद फाड म्हणून सांगणारं कोण होतं?"

सर म्हणाले, "अहो, आम्हीही मुलींना पोटच्या पोरींसारखं—"

"पोटच्या पोरीसारखंच वागवलंत, सर. मीही तसंच वागवलं. म्हणून तर ती हॉस्पिटलात पोचली."

सरांनी समोरचा कागद पुढे ओढला. मग ते म्हणाले, "तिनं स्वतः हट्ट केला होता."

धाकटे, मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास आडवा झाला, सगळं पाणी माझ्याच फॉर्मवर. "ती सोळा वर्षांची आहे! ती हट्ट करणारच. तिनं हट्ट नसता केला तर तुम्ही तिला संघात घेतली असती का? नाही म्हणायला आपण तीन मोठी माणसं होतो. मी घरात, बहीण त्या खोलीत, तुम्ही रेषेवर. तिला गरगरतंय हे कळल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

त्या बाईंनी गोलकीपरचा जबाब वाचला. सर खाली बघत होते. मला वाटलं होतं, त्यांना असं बघून बरं वाटेल. नाही वाटलं.

निकाल काल आला. सरांना दोन वर्षं कुठल्याही संघाजवळ फिरकायचं नाही. तुला एक वर्ष. मला लेखी ताकीद, जन्मभर फायलीत राहील. सेक्रेटरींना काहीच नाही, ते जागच्या जागी, पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक करतायत. सहा दिवसांत चार सामने. हे वाचून मी पातेलं भिंतीवर फेकलं, भिंतीला खळगा पडलाय.

तुझं वर्ष गेलं. जाणारच होतं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, लाडीगोडीनं जाणारा नाही तो. माझ्यावरचा तुझाही गेला नसेल. राहू दे.

टिटवी घरी आहे. वर्षभर खेळ बंद, पुढचं पुढे. उजेड सोसतो आता. डॉक्टरांनी अर्धा तास टीव्ही चालेल म्हटलं, म्हणून काल संघातल्या मुली अंतिम सामन्याचं रेकॉर्डिंग घेऊन आल्या. मी नको म्हणत होते, तीच म्हणाली, लावा. तिचे बाबा उठून बाहेर गेले. विसाव्या मिनिटाला तो पास आला. दोन मुलींच्या मधून, वळून न बघता दिलेला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ही पुढे वाकून बघत होती. म्हणाली, "काय पास आहे! कोणी दिला?"

मुली हसल्या. ती पण हसली.

ती चेष्टा होती की तिला खरंच कळलं नाही, हे मला सांगता येत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. तुला त्यातलं कळतं. तू ये आणि तिला विचार.

ताई